मुळशी पेटा, मुक्काम पौड

पुण्याच्या माणसाला पौड म्हटलं की पौड फाटा आठवतो. कोथरूडमधून जाणारा पौड रस्ता त्याच्या रोजच्या पायाखालचा. पण तो रस्ता चांदणी चौक ओलांडून, भूगाव, भुकूम, पिरंगुट मागे टाकत ज्या गावाला जाऊन भिडतो, ते गाव त्याने पाहिलेलं असतं ते ताम्हिणीचे धबधबे बघायला जाताना, गाडीच्या काचेतून. मुळेच्या काठच्या या गावात तहसील कचेरी आहे, पंचायत समिती आहे, न्यायालय आहे, पोलिस ठाणं आहे. तालुक्याचं नाव मुळशी आणि मुक्काम पौड. ज्या खोऱ्यावरून तालुक्याला नाव मिळालं त्या खोऱ्याचा तळ शंभर वर्षांपूर्वी पाण्याखाली गेला. कचेरी पौडात होती म्हणून कोरडी राहिली.

ही वाटचाल त्या कचेरीची. कचेरीची वाटचाल कोण लिहितं, असं कुणी विचारेल. शाळांच्या, बँकांच्या, साखर कारखान्यांच्या स्मरणिका निघतात, त्यांत अध्यक्षांचे फोटो असतात. तहसीलदार तर दोन-तीन वर्षांत बदलून जातो, स्मरणिका काढणार कोण? पण मुळा, मुठा आणि मोसे या नद्यांकाठची गावं कशी वसली, कशी हलली आणि त्यातली काही शहरं कशी झाली, याचा सगळ्यात सलग दाखला या दप्तरातच सापडतो. गंमत अशी, की गावांचं भवितव्य ठरवणारे बहुतेक निर्णय या दप्तरात फक्त नोंदले गेले. ते झाले दुसरीकडेच.

कचेरी येण्याआधी इथे खोरी होती. सह्याद्रीच्या माथ्यावरून पूर्वेला उतरणारी प्रत्येक नदी आपलं एक खोरं करते आणि दोन खोऱ्यांमध्ये डोंगराची रांग उभी राहते. नीळा आणि मुळा मुळशीजवळ एकत्र येतात. कोळवणच्या बाजूने वळकी येते. दक्षिणेला मुठा, तिच्याही पलीकडे मोसे. एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायचं तर खिंड चढावी लागते. म्हणून सोयरिकी, भांडणं आणि राज्यकारभार हे सगळं खोऱ्याखोऱ्याने चाललं. पश्चिमेला कोकणात उतरणाऱ्या वाटा फार जुन्या. तैलबैलाजवळून सवाष्णी घाट आणि वाघजाई घाट खाली उतरतात आणि वाघजाईच्या पायथ्याशी ठाणाळ्याची बौद्ध लेणी आहेत. व्यापारी, त्यांचे बैल आणि भिक्षू जिथून चढत-उतरत होते तिथे वर खोऱ्यात काहीएक वस्ती असणारच. घनगड, कोरीगड, कैलासगड हे किल्लेही याच वाटांवर नजर ठेवायला उभे राहिले.

शिवकाळात ही खोरी देशमुखांची. पौड खोऱ्यात ढमाले, मुठे खोऱ्यात मारणे, मोसे खोऱ्यात पासलकर. बाजी पासलकरांचं नाव महाराष्ट्राला माहीत आहे. वरसगावच्या धरणाच्या जलाशयाला त्यांचंच नाव दिलेलं आहे. पण देशमुख म्हणजे नुसता तलवारबहाद्दर, अशी आपली समजूत इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांनी करून दिली आहे. त्याचं रोजचं काम वसाहतीचं होतं. गाव उजाड पडलं की कुळं आणून बसवायची, त्यांना कौल द्यायचा, पहिल्या वर्षी नाममात्र सारा आणि मग दरसाल थोडा थोडा वाढवत पूर्ण दराला आणायचा, म्हणजे इस्ताव्याने. १६३० च्या दुष्काळात हा मुलूख ओस पडला, तेव्हा पुणे जहागिरीचा कारभार पाहणाऱ्या दादोजी कोंडदेवांनी याच रीतीने मावळात लागवड करवली, असं बखरी सांगतात. शिवेचा वाद झाला तर गोतसभा बसे, महजर म्हणजे निवाड्याचा कागद लिहिला जाई. मावळातल्या घराण्यांचे असे कितीतरी कागद १९१० साली पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने जमवले आणि छापले. पौडच्या कचेरीचे खरे पूर्वज ते कागद.

आता गाव वसायचं म्हणजे नेमकं काय व्हायचं, ते जरा जवळून पाहू. पुढची सगळी गोष्ट त्यावर अवलंबून आहे.

मुळा पावसाळ्यात किती चढते हे ज्याला ठाऊक आहे तो काठावर घर बांधत नाही. गावठाण वर, मुरमाड टेपावर. घरांच्या खाली नदीपर्यंत उतरत जाणारी भाताची खाचरं, प्रत्येकाला ताल घातलेली, म्हणजे वरच्या खाचराचं पाणी खालच्याला मिळावं. पावसाने आणलेला गाळ खाली साचतो, त्यामुळे नदीजवळचं खाचर सगळ्यात कसदार. आंबेमोहर पिकायचा तो तिथे. भाताला राब लागतो. उन्हाळ्यात झाडांच्या फांद्या तोडून वाळवायच्या, त्यावर शेण, गवत, पालापाचोळा आणि वरून मातीचा थर द्यायचा आणि ते सगळं सावकाश जळू द्यायचं. त्या राखेच्या भाजलेल्या तुकड्यावर बी फेकायचं. रोप वीतभर झालं की चिखलणी करून लावणी. एवढ्या फांद्या येणार कुठून, तर घरांच्या वरच्या अंगाला असलेल्या डोंगरउतारावरून. ती वरकस जमीन. तिच्यात नाचणी, वरई, खुरासणी दोन-तीन वर्षं काढायची आणि मग पडीक टाकून तुकडा बदलायचा. त्याच्याही वर कुठेतरी देवाची राई, जिथे कुऱ्हाड चालत नाही. पुणे जिल्ह्यातल्या अशा देवरायांचा अभ्यास वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात केला, तेव्हा शहरातल्या वाचकाला पहिल्यांदा कळलं की या राया म्हणजे वसाहतीच्या वेळी जाणूनबुजून राखून ठेवलेलं जंगल आहे.

म्हणजे गावाची रचना उभी होती. वर राई, मग वरकस, मधे घरं, खाली खाचरं, तळाशी नदी. यातली एक पायरी काढली की बाकीच्या लंगड्या पडतात.

इंग्रजी अंमल आला आणि खोऱ्यांचे पेटे झाले. १९०८ च्या इम्पीरियल गॅझेटियरमध्ये पुणे जिल्ह्याचे आठ तालुके दिले आहेत आणि मुळशी त्यांत नाही. मुळशी हा हवेली तालुक्यात मोडणारा पेटा. जसा खेडमध्ये आंबेगाव, भीमथडीत दौंड. पेट्यावर मामलेदार नव्हे, महालकरी. मामलेदारापेक्षा हुद्द्याने आणि पगाराने लहान. पौडला कचेरी ठेवली ती सोयीने. मुळेचं खोरं जिथे रुंदावतं आणि पुण्याची वाट जिथे सोपी होते तिथे पौड आहे. वरच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याला पावसाळ्यात पुणे गाठणं कठीण होतं, पौड निदान गाठता यायचं. कचेरी आली की कारकून येतो, कारकुनामागे अर्ज लिहून देणारा येतो, मग वाणी, मग शाळा. पौड बाजाराचं गाव झालं ते असं.

१८३६ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी सुरू केलेली जमीनमोजणीची रयतवारी पद्धत पुढे मावळपट्ट्यातही पोहोचली. प्रत्येक खाचराला सर्व्हे नंबर मिळाला, प्रत्येक नंबरावर एक नाव चढलं. ही सोय खरी, पण तिला दुसरी बाजू होती. ज्या जमिनीवर एकाचं नाव आहे ती गहाण पडू शकते. पावसाच्या भरवशावर एकच पीक काढणारा मावळा लग्नाकार्याला, बैलाला, कधी नुसत्या साऱ्याला पैसे काढी आणि गहाणखत पुण्यातल्या सावकाराकडे जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी मुळशी खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनीचे कागदोपत्री मालक पुण्याच्या पेठांत राहणारे सावकार होते आणि जो नांगर धरत होता तो त्यांचं कूळ. दप्तरात हे सगळं अगदी रीतसर लिहिलेलं होतं. १९२१ साली ही नोंद फार महागात पडली.

मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. टाटांनी सह्याद्रीच्या कड्याचा उपयोग हेरला होता: पूर्वेला वाहणारं पाणी माथ्यावर अडवायचं, बोगद्यातून पश्चिमेला वळवायचं आणि कोकणाच्या बाजूला कोसळवायचं. १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं, १९२२ मध्ये भिवपुरीचं. तिसऱ्या योजनेसाठी १९१९ साली टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली आणि तिने नीळा-मुळेचं खोरं निवडलं. धरण मुळशीला, वीजघर कड्याखाली सुमारे ५०० मीटरवर भिऱ्याला. पन्नासहून अधिक गावं आणि सुमारे अकरा हजार माणसं या पाण्याच्या वाटेत येत होती. सरकारने कंपनीसाठी १८९४ चा भूसंपादन कायदा वापरला.

जमिनी ताब्यात यायच्या आधीच शेतांत चर पडू लागले. मग १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, सुमारे बाराशे माणसं कामाच्या जागी जाऊन बसली. काम थांबलं. त्यांचे पुढारी पांडुरंग महादेव बापट हे मूळचे पारनेरचे. तरुणपणी पॅरिसमध्ये बाँबची विद्या शिकून आलेले, आणि आता निःशस्त्र मावळ्यांच्या पुढे बसलेले. सेनापती ही पदवी त्यांना लोकांनी इथेच दिली. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या बरोबरीने उभे होते. पुढे त्यांनी या लढ्याचा इतिहासही लिहिला. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा होती. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त सत्याग्रहींची बाजू घेऊन टाटांना आवाहन केलं. धरणाच्या विरोधात एवढ्या आधी, एवढ्या संघटितपणे लढा झाल्याचं उदाहरण जगात दुसरं नाही, असं प्रा. राजेंद्र व्होरा यांनी आपल्या ग्रंथात म्हटलं आहे आणि त्या ग्रंथाच्या इंग्रजी नावातच तसा दावा आहे.

कंपनीने काही महिन्यांची तहकुबी दिली. त्या महिन्यांत काय झालं, तर पुण्यात वाटाघाटी झाल्या. व्होरांनी हा भाग कुणाची भीडमुर्वत न ठेवता लिहिला आहे. लढ्याला पाठिंबा देणाऱ्या पुण्यातल्या पुढारीवर्गाचा एक मोठा भाग सावकारांच्या जवळचा होता आणि सावकारांना जमीन वाचण्यापेक्षा मोबदला चांगला मिळण्यात रस होता. जमीन त्यांच्या नावावर होती आणि कायद्याने मोबदला नावाला मिळतो. कुळाने कितीही पिढ्या चिखल तुडवलेला असो, त्याचा हिस्सा किरकोळ. भाव ठरला तशी पेठांतली सहानुभूती ओसरली. मला या साऱ्या प्रकरणात कंपनीपेक्षाही ही गोष्ट अधिक बोचते. कंपनी नफ्यासाठी आली होती आणि तसं उघड सांगत होती.

पुन्हा सत्याग्रह झाला, शेकडोंनी तुरुंग भोगला, त्यांत बायकाही होत्या. अखेरीस बापटांनी अहिंसेची मर्यादा सोडली. रुळांवर दगड रचून गाडी अडवण्याचा प्रयत्न केला आणि सात वर्षांची शिक्षा ओढवून घेतली. लढा तिथे मोडला. १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. दीड किलोमीटर लांब, सुमारे ४९ मीटर उंच असं ते दगडी धरण आजही खणखणीत आहे. बांधकाम म्हणून त्याला नावं ठेवायला जागा नाही.

आता ती उभी रचना पुन्हा डोळ्यासमोर आणा. पाणी तळापासून चढतं. म्हणजे आधी नदीकाठची सगळ्यात कसदार खाचरं गेली, मग वरची खाचरं, मग घरं. उरली ती वरकस आणि राई. माणसं उतारावर सरकली, गावाचं नाव बरोबर घेऊन. नकाशावर जलाशयाच्या कडेने आज जी गावं दिसतात त्यांतल्या कित्येकांची जुनी गावठाणं पाण्यात आहेत. राब करायला फांद्या होत्या, पण रोप लावायला खाचर नव्हतं. पाण्याची रेघ आणि डोंगर यांच्यामधला पट्टा बहुतांशी कंपनीच्या नावे. त्यामुळे तीन-चार पिढ्या जिथे राहिल्या त्या घराखालची जागा कागदावर आपली नाही, अशी स्थिती कितीतरी कुटुंबांची झाली. डोक्यावरून विजेच्या तारा मुंबईकडे गेल्या. वाड्यांमध्ये वीज यायला पुढे कित्येक वर्षं लागली. आणि उन्हाळ्यात पाणी खाली उतरलं की काठच्याच गावात बायकांना हंडा घेऊन लांब चालावं लागतं, ही तक्रार अजून संपलेली नाही.

पौडच्या कचेरीने या काळात काय केलं? नोटिसा निघाल्या त्या महसुली यंत्रणेतून, मोबदल्याच्या याद्या झाल्या त्या तिच्याच नोंदींवरून. नोंदीत जे नव्हतं त्याला जागा मिळाली नाही. कारकुनाचा यात दोष म्हणावा तर तो नियमाप्रमाणेच वागला.

स्वातंत्र्यानंतरचा काळ कचेरीच्या भरभराटीचा. १९५० च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतनं गेली. ढमाले-मारणे-पासलकरांची देशमुखी कागदावरून उतरली आणि गावोगावी कुलकर्ण्याच्या जागी सरकारी तलाठी आला. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणाऱ्याला मालकी देऊ केली. सावकारांच्या हाती उरलेल्या जमिनींत मुळशीच्या कुळांना याचा फायदा झाला, पण पाण्याखाली गेलेल्या खाचराला तो लागू पडायला तीस वर्षांचा उशीर झालेला होता. पेट्याचा तालुका झाला. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या अस्तित्वात आल्या आणि पौडला बीडीओची खुर्ची आली. शाळाखोल्या, विहिरी, खडीचे रस्ते या पंचायत समितीने केले आणि दुर्गम वाड्यांत केले, याचं श्रेय तिला दिलंच पाहिजे. तालुका गरीब होता आणि निवांत होता. कुस्ती मात्र जोरात. महाराष्ट्र केसरीची गदा ज्यांच्या स्मरणार्थ दिली जाते ते मामासाहेब मोहोळ मुठे खोऱ्यातले, आणि २०१७ ची महाराष्ट्र केसरी स्पर्धा भूगावला भरली तेव्हा सबंध तालुका तिथे लोटला होता.

मुठेवर टेमघरचं धरण झालं, मोसेवर वरसगावचं. दोन्ही पुण्यासाठी. मुळेचं पाणी मुंबईच्या विजेला आणि मुठा-मोसेचं पाणी पुण्याच्या नळाला, अशी वाटणी होऊन गेली.

मग जमिनीला भाव आला.

याची एक हकीकत शरद पवारांनी जाहीर भाषणांतून अनेकदा सांगितली आहे. हिंजवडीला सहकारी साखर कारखाना काढायचा घाट तालुक्यातल्या मंडळींनी घातला होता, भूमिपूजनाला पवार गेले आणि तिथेच त्यांनी सांगितलं की कारखाना दुसरीकडे न्या, इथे संगणकाचा उद्योग आणायचा आहे. कारखाना कासारसाई-दारुंब्र्याला गेला, तोच संत तुकाराम सहकारी साखर कारखाना. हिंजवडीला एमआयडीसीने राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभं केलं. मंडळी त्या दिवशी मनातून नाराज झाली असणार. आपल्याकडे तालुक्याला कारखाना म्हणजे काय, हे सांगायला नको. पण नंतरची पंचवीस वर्षं पाहिली तर हा निर्णय मुळशीच्या इतिहासात धरणाच्या तोडीचा ठरला. फरक इतकाच की या वेळी जमीन ज्याच्या नावावर होती तो बहुतेक वेळा स्वतः कसणारा होता. पैसा थेट त्याच्या घरात आला.

त्या पैशाचं काय झालं, याची दोन टोकाची उत्तरं तालुक्यात ऐकायला मिळतात. काहींनी पुढे नवी जमीन घेतली, गाळे बांधले, मुलं शिकवली. काहींनी बंगला, जीप आणि निवडणूक यांत तो घालवला आणि शेवटी त्यांचीच मुलं आपल्या विकलेल्या जमिनीवरच्या फाटकाशी पहारेकरी म्हणून उभी राहिली. २०१८ चा ‘मुळशी पॅटर्न’ हा सिनेमा या दुसऱ्या उत्तरावर आहे. तालुक्यात काहींना तो आवडला नाही, आमची बदनामी केली म्हणून. पण थिएटरं भरली होती.

पिरंगुट, घोटावडे, उरवडे या पट्ट्यात कारखाने आले. इथली वाढ आखून दिलेल्या वसाहतीशिवायची. शेताला लागून शेड, शेडला लागून चाळ. ७ जून २०२१ ला उरवड्याच्या एका रासायनिक कारखान्याला आग लागून सतरा कामगार गेले, त्यांत बहुतेक बायका. लवळ्याच्या टेकडीवर विद्यापीठं आली. पौडजवळ खुबवलीच्या डोंगरावर १९९७ मध्ये महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज सुरू झालं, जगभरातली मुलं शिकायला येतात. आणि मोसे खोऱ्यात, दासवे-मुगावच्या बाजूला, एका कंपनीने अख्खं शहरच वसवायला घेतलं. १९९६ च्या राज्याच्या थंड हवेच्या ठिकाणांविषयीच्या धोरणातून लवासा निघालं. २००८ मध्ये सरकारने नियोजनाचे अधिकारही त्या कंपनीच्या हाती दिले. म्हणजे बांधणारा तोच आणि परवानगी देणाराही तोच. २०१० च्या नोव्हेंबरात केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवलं, वर्षाने अटींवर सोडलं आणि २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात पोहोचलं. देशमुखाला खोरं वसवायचा कौल मिळे तेव्हा निदान त्याला तिथेच राहावं लागे आणि वरून दिवाण हिशेब विचारत असे.

या सगळ्यात पौडला गर्दी वाढली. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेर खरेदीखतांच्या रांगा, झेरॉक्सची दुकानं, हातात फायली धरलेले एजंट. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ नावाचा एक रकाना असतो. कुळाचं नाव, बँकेचा बोजा, बहिणींचा हक्क, पुनर्वसनाचा शेरा हे सगळं त्यात दाटीवाटीने बसलेलं. मुळशीत जमीन घेणारा जाणता माणूस आधी तो रकाना वाचतो आणि मालकाचं नाव मग. तालुक्यातले अर्धे दावे या रकान्यातून निघालेले आहेत.

गर्दी वाढली, अधिकार मात्र एकेक करून कमी झाले. २०१५ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आलं आणि बांधकाम परवान्याचा, आराखड्याचा विषय तिकडे गेला. म्हाळुंगे-माणची नगररचना योजना, माणपासून शिवाजीनगरची मेट्रो, हे सगळं प्राधिकरणाचं. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवडचं पोलिस आयुक्तालय झालं आणि हिंजवडीचं ठाणं त्याला जोडलं गेलं. ३० जून २०२१ ला पुणे महापालिकेत तेवीस गावं आली, त्यांत मुळशीची म्हाळुंगे, सूस आणि बावधन बुद्रुक. बावधन खुर्द आधीच पालिकेत होतं, त्यामुळे काही वर्षं एका बावधनची कचऱ्याची गाडी पालिकेची आणि शेजारच्या बावधनची ग्रामपंचायतीची, असा प्रकार चालला. विधानसभेला मुळशी भोरबरोबर मत देते, लोकसभेला बारामतीबरोबर. हिंजवडीत राहणाऱ्या, परप्रांतातून आलेल्या एखाद्या संगणक अभियंत्याला आपण मुळशी तालुक्यात राहतो हे पहिल्यांदा कळतं ते घर नोंदवताना, आणि आपला खासदार बारामतीचा हे कळतं ते मतदार यादीत नाव शोधताना.

त्याच हिंजवडीचा रोजचा कारभार अजून ग्रामपंचायतीकडे आहे. जगभरातल्या नामांकित कंपन्यांच्या कचेऱ्या असलेल्या गावात पावसाळ्यात रस्त्यावर पाणी तुंबलं की एमआयडीसी, प्राधिकरण, ग्रामपंचायत आणि मेट्रोचा ठेकेदार एकमेकांकडे बोट दाखवतात. ओढे बुजवले, त्यावर इमारती उठल्या, हे सगळ्यांना दिसतं आहे. भूगावच्या बाजूने निघून बावधन-पाषाणमधून मुळेला मिळणाऱ्या राम नदीचीही हीच कथा. जुन्या गावाला मुळा किती चढते हे माहीत होतं आणि त्याने घर टेपावर बांधलं. नव्या गावाने ओढ्याचा सर्व्हे नंबर पाहिला, बिनशेतीचा शिक्का पाहिला आणि पाया खणला.

वरच्या खोऱ्यात वेगळंच चाललं आहे. ताम्हिणीला २०१३ मध्ये अभयारण्य झालं. मुळशी जलाशयाकाठी पर्यटकांसाठी रिसॉर्ट झाली. कृष्णा पाणीवाटपाच्या लवादाने टाटांच्या धरणांतून पश्चिमेला वळणाऱ्या पाण्याला मर्यादा घालून दिलेली आहेच. आता पुण्याची वाढती तहान पाहता मुळशीचं पाच टीएमसी पाणी शहराला द्यावं, अशी मागणी वारंवार पुढे येते. या चर्चेत मुंबईची वीज असते, पुण्याचं पिण्याचं पाणी असतं, आंध्र-कर्नाटकाचा वाटा असतो. धरणाच्या काठच्या गावांची टाकी शेवटी येते, आली तर.

हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे, जांबे ही गावं पिंपरी-चिंचवड पालिकेत घ्यावीत, हा प्रस्ताव कित्येक वर्षं सरकारदरबारी आहे. मान्य झाला तर नदीच्या खालच्या अंगाची, पैसा असलेली बहुतेक गावं पौडच्या हातून जातील आणि मुळशी तालुका पुन्हा पेट्याएवढा होईल: पौड, कोळवण, मुठे खोऱ्याचा वरचा भाग आणि धरणाची कड. तालुक्यात याबद्दल दोन मतं आहेत. खालच्या गावांतल्या लोकांना पाणी, ड्रेनेज आणि रस्ते हवेत, त्यांना पालिका आज हवी आहे. वरच्या गावांतले म्हणतात, तेवढीच कचेरीतली गर्दी कमी होईल, आमच्या अर्जाला कुणी वेळ देईल. त्यांचा अर्ज साधा आहे. घराखालची जागा आमच्या नावावर करून द्या.